गोळीला नव्हे, ब्लेडला भ्या



‘केसांपायी पौरुषाचा सौदा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकांची काळजी खरी. पण त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला आहे. टकलावरचे फिनास्टेराइड हे काही भोंदूचे चूर्ण नव्हे. अमेरिकेत वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२मध्ये मंजूर झाली, टकलासाठी १ मिलिग्रॅमची १९९७मध्ये. ती टेस्टोस्टेरॉन मारत नाही. त्यापासून बनणारे, केसांची मुळे बारीक करणारे डीएचटी हे संप्रेरक कमी करते. कामेच्छा घटणे, ताठरता कमी होणे हे त्रास चाचण्यांत मोजक्याच जणांना झाले, बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर गेले. काहींची तक्रार नंतरही राहते, नैराश्याच्याही नोंदी आहेत. त्या उडवून लावू नयेत, हे मान्य.

माझी धास्ती वेगळी. परवा माझ्या औषधाच्या दुकानात एक तरुण आला. चिठ्ठी नाही, मोबाइलवर गोळीचा फोटो. ‘काका, पाचची द्या, ब्लेडने चार तुकडे करतो, स्वस्त पडते.’ बायकोला पाचवा महिना! तुटक्या गोळीची भुकटी गर्भवतीने हाताळायची नसते. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मी गोळी दिली नाही. गडी चिडून गेला.

आणि ही गोळी घेणाऱ्या प्रौढांनी प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीआधी डॉक्टरांना तसे जरूर सांगावे. तो आकडा हिच्यामुळे जवळपास निम्मा दिसतो.

— एक औषधविक्रेता, सांगली