विकत घेतलेले मौन

नांदेड-लातूरकडे हल्ली एक मत मोठ्या ऐटीत ऐकविले जाते : "लिनक्स फुकटचे, म्हणून अर्धवट. त्यावर वायफाय चालत नाही." वाचकहो, या मताशी मला ऐन दिवाळीत भांडायचे आहे. हाती चकली असली म्हणजे माणूस कडू बोलणेही ऐकून घेतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांना मानवत नाही. म्हणजे शाळाशाळांतली धडधाकट यंत्रे अडगळीत जाणार. त्यांना नवे आयुष्य द्यायला १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आरंभिलेले लिनक्स आहे. आमच्या शाळेतल्या एका जुन्या लॅपटॉपवर ते बसविले. पडदा उजळला, मराठी अक्षरे उमटली, आवाजही आला. वायफायचे चिन्ह तेवढे दिसेना. झाले! "फुकटचे ते फुकटचेच," असा निकाल लागला.

पण दोष कोणाचा? वायफायचे कार्ड हा स्वतःच एक चिमुकला संगणक असतो. त्याला जागे करायला फर्मवेअर लागते आणि त्याच्याशी बोलायला ड्रायव्हर. दोहोंची किल्ली कार्ड बनविणाऱ्याच्या खिशात. ती त्याने विंडोजपुरती दिली, तर लिनक्सने बोलावे कसे?

उदाहरण जगजाहीर आहे. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंद ड्रायव्हरची उलट उकल करून ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात गेला. फर्मवेअर वाटण्याची मुभा नव्हती, म्हणून ते कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढण्याचे अवजार घडवावे लागले! पुढे २०१० मध्ये कंपनीने नव्या कार्डांचा ड्रायव्हर आपण होऊन खुला केला. म्हणजे देणे अशक्य नव्हते, द्यायचे नव्हते.

अडचण काय असते पाहा. फर्मवेअर इंटरनेटवर, आणि इंटरनेट कार्डापलीकडे. दोर विहिरीत पडलेला, तो काढायला दोरच हवा! आम्ही मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले, 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्डाचे नाव विचारले, त्याचे फर्मवेअर उतरविले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. चिन्ह उगवले. आठवीच्या मुलाला जमावे एवढेच हे काम. डेबियनवाल्यांनी तर २०२२ मध्ये मतदान घेतले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर स्थापनेच्या संचातच घातले. काही तत्त्वनिष्ठांना ते रुचले नाही. त्यांचे तत्त्व खरे आहे; पण त्यापायी पोरांना उपाशी ठेवता येत नाही.

माझा राग कंपन्यांहून आपल्यावर अधिक आहे. 'लातूर पॅटर्न'चे गुण आपण कौतुकाने मोजतो. यंत्राच्या पोटात काय आहे, हे विचारायला मात्र मुलांना शिकवीत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. परावलंबन म्हणजे काय, हे त्या गावाला मी सांगायला नको.

तेव्हा शाळा समित्यांनी संगणकाच्या मागणीपत्रात एवढेच लिहावे : 'वायफाय लिनक्सवर चालवून दाखवा, मग पैसे घ्या.' माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपण दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. हजारो रुपयांचे यंत्र तेवढे खोके न उघडता घरी आणतो, आणि ते बोलले नाही की शिव्या मात्र लिनक्सला देतो!