थकलेली पोटगी माफ कोणी करायची?

माफी हा शब्द बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यांत आपला जिल्हा होता. पुढे २००८ साली केंद्राने, २०१७ व २०१९ साली राज्याने पीककर्जे माफ केली. ते न्याय्यच होते. आता हाच न्याय थकलेल्या पोटगीलाही लावावा, असे म्हणणारे सज्जन भेटतात. पीक बुडाले, बापाजवळ पैसा नाही; तेव्हा न्यायालयाने मागची बाकी सोडून द्यावी, असा त्यांचा युक्तिवाद. तो दयेचा वाटतो. परंतु त्यात हिशेबाची मोठी चूक आहे.

कर्ज माफ होते तेव्हा सरकार तिजोरीतून बँकेची भरपाई करते. पोटगी माफ झाली तर भरपाई कोण करतो? मूल त्या महिन्यांतही जेवले, शाळेत गेले, आजारी पडले. तो खर्च आईने निंदण-वेचणीच्या मजुरीतून आणि उसनवारीतून भागवला. म्हणजे थकबाकी हे आईकडून तिच्या संमतीवाचून घेतलेले बिनव्याजी कर्जच होय. ते माफ करणे म्हणजे एका गरिबाचे देणे त्याहून गरिबाच्या माथी मारणे.

नाडलेल्या बापासाठी कायद्याने दार ठेवलेले आहे. परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कम कमी करून मागता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२७ त्यासाठी होते. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ आहे. ते दार त्याने वेळीच ठोठवावे. आमचा त्याला विरोध नाही. मात्र तुरुंगात जाऊन आलो की देणे फिटले, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच खोडून काढली आहे. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे.

खरी अडचण बाईची आहे. वसुलीच्या वॉरंटासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोणार-संग्रामपूरकडच्या खेड्यातून मजुरी बुडवून तारखेला येणाऱ्या बाईचे हे वर्ष सहज निसटते. १९८४ च्या कायद्याने समेटाचा प्रयत्न कुटुंब न्यायालयावर बंधनकारक केला, हे योग्यच. परंतु ‘मागचे सोड, पुढचे घे’ असे समजावून घेतलेल्या सहीला समेट म्हणावे काय? शिवाय मुलाच्या हक्काचे ते सोडून देण्याचा अधिकार आईला तरी कोठून आला?

तेव्हा बाकीचे हप्ते बांधून द्यावेत, माफी नको. आणि बाप खरोखरच असमर्थ असेल, तर भार शासनाने उचलावा. जर्मनीत १९८० पासून सरकार मुलाला आगाऊ निर्वाहरक्कम देते व मागाहून बापाकडून वसूल करते. असा निधी महाराष्ट्राने उभारावा, ही मागणी आपल्या चळवळीने हाती घेतली पाहिजे. दया दाखवायची तर ती समाजाने स्वतःच्या खर्चाने दाखवावी, मुलाच्या नव्हे.

सिंदखेडराजाच्या जिजाऊंमुळे या जिल्ह्याला आपण मातृतीर्थ म्हणतो. तेथे आईचेच येणे आधी बुडावे, हे त्या नावाला शोभत नाही.