पदकाआधीची वर्षे

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारताच्या मुली ब्राँझपदकाचा सामना ग्रेट ब्रिटनकडून ४-३ असा हरल्या. त्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहून आले. आपल्या मुलींचे अश्रू सर्वांनी पाहिले. समोरच्या संघात कोण कोण होत्या, हे पाहावेसे मात्र फारसे कोणाला वाटले नाही. मला त्यातल्या एकीबद्दल लिहायचे आहे. तिचे नाव लिआ विल्किन्सन. वेल्सची हॉकीपटू, पेशाने शाळाशिक्षिका.

वेल्सची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कितीतरी कमी. राष्ट्रकुल आणि युरोपच्या स्पर्धांत वेल्सचा हॉकी संघ स्वतंत्र उतरतो. ऑलिंपिकमध्ये मात्र इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स मिळून ब्रिटनचा एकच संघ. १९०८ साली लंडनला वेल्सचे पुरुष आपल्या नावाने खेळले होते आणि ब्राँझपदक घेऊन गेले होते. बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली ती १९८० साली, तब्बल बहात्तर वर्षांनी. तोवर ते वेगळे दार बंद झाले होते. तेव्हा वेल्सच्या मुलीला ऑलिंपिक खेळायचे तर इंग्लंडच्या मोठ्या घरात जागा मिळवावी लागते. २०१६ मध्ये रिओला ब्रिटनच्या बायकांनी सुवर्णपदक जिंकले, त्या सोळाजणींत वेल्सची एकही नव्हती.

आता पैशाचे बघू. ब्रिटनच्या चमूत निवड झाली की लॉटरीच्या निधीतून मदत मिळते, खेळणे हेच काम होते. नुसते वेल्सकडून खेळायचे तर पोटासाठी नोकरी करायची आणि तिच्यातून वेळ काढून खेळायचे. वेल्सच्या पुरुषांचीही फारशी चैन नाही. २०२३ च्या विश्वचषकासाठी ओडिशाला येताना त्यांनी प्रत्येकी सुमारे हजार पौंड पदरचे घातले, वर लोकांकडून वर्गणी मागितली. अशा व्यवस्थेत विल्किन्सन वर्षानुवर्षे खेळत राहिली आणि वेल्सकडून सर्वाधिक सामने खेळलेली हॉकीपटू झाली. ब्रिटनच्या संघातून ती पहिल्यांदा खेळली २०१९ मध्ये. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. टोकियोत पदक गळ्यात पडले तेव्हा चौतीस.

या बत्तीस आकड्यापाशी मी थांबते. आपल्या तालुक्यांत शाळेच्या संघातून खेळणारी मुलगी बारावीनंतर मैदानावर दिसेनाशी होते. बत्तिशीपर्यंत तिची स्वतःची मुलगी शाळेत जाऊ लागलेली असते. 'आता कुठे सुरुवात' असे त्या वयात म्हणायची सोय कोणाला असते? जिच्या हातात स्वतःचा पगार आहे, जिला रजा मिळते आणि उशिरा घरी आल्यावर जिला कोणी जाब विचारत नाही, तिलाच ना? टोकियोच्या त्याच संघात वेल्सची सारा जोन्सही होती. या दोघी तेव्हा एकमेकींच्या जोडीदार होत्या, आणि ते त्यांना लपवावे लागले नाही. कारकीर्द लांबते ती अशा गोष्टींनी. जिद्दीच्या गोष्टी सांगणारे हे सगळे गाळून टाकतात, याचा मला राग येतो.

तिकडे सारे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. पण त्याच आठवड्यात इकडे काय चालले होते? ४ ऑगस्टला भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळ रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिव्या देण्यात आल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने केली. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. दोनच दिवसांनी ब्राँझच्या सामन्यात तिने पुन्हा गोल केला.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, खेळ म्हणजे झेंडे आणि जयजयकार, त्यात आपल्याला काय? मला हे पटत नाही. ५ एप्रिल २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेल्सच्या बायकांनी भारताला ३-२ असे हरवले, तेव्हा आपल्याकडे 'धक्का' बसला. मला त्या निकालात नोकरी सांभाळून खेळणाऱ्या बायका दिसतात. आपल्याकडेही मुलींच्या हॉकीला आधार दिला तो रेल्वेच्या नोकरीने. सत्काराच्या शालीने नव्हे. माझ्या मते कितीतरी मुलींना लग्नाचा तगादा थोपवता आला तो या पगाराच्या जोरावर. पगार, रजा, प्रवासभत्ता, रात्रीच्या गाडीत सुरक्षित जागा, हे आपलेच प्रश्न आहेत. ते कारखान्यातल्या बाईचे असले की आपण मोर्चा काढतो, खेळाडूचे असले की टाळ्या वाजवतो.

हॉकी इंडिया लीग पुरुषांसाठी २०१३ मध्ये सुरू झाली. बायकांची पहिली लीग रांचीत झाली जानेवारी २०२५ मध्ये, चार संघांची. पुरुषांचे त्या वर्षी आठ संघ होते.

माझी सूचना अशी की प्रत्येक गटाने आपल्या जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज करावा. गेल्या दहा वर्षांत जिल्ह्याच्या संघात निवडलेल्या मुली किती, त्यातल्या विशीनंतर खेळत राहिल्या किती, आणि मुलांना व मुलींना प्रवासभत्ता किती दिला, एवढेच विचारायचे. अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावे.