हिरवी तार कुठे जाते?

मा. संपादक,


जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाबद्दल आपल्या दैनिकात नेहमी छापून येतं. एफएसआय, वाढीव जागा, भाडं, रखडलेली कामं, सगळं येतं. पण पुनर्विकास होईपर्यंत माणसं त्याच जुन्या घरांत अंघोळी करतात, दिवे लावतात, मुलं वाढवतात. त्या घरांच्या भिंतींत गेल्या चाळीस वर्षांत कोणी काय गाडून ठेवलंय, याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

आमची इमारत 1979 सालची, तीन मजली. तीन वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवी केली. जुने जीआय पाइप आतून गंजून बुजत आले होते, सकाळची पहिली बादली लालसर भरायची. ते काढून प्लॅस्टिकचे, सीपीव्हीसीचे टाकले, फरश्या बदलल्या. गीझर चालू होता म्हणून जुनाच परत लावला. काम देखणं झालं. त्या हिवाळ्यात सासूबाई म्हणू लागल्या, "नळाला हात लावला की मुंग्या येतात." वय शहात्तर आणि त्यात मधुमेह, त्यामुळे आम्ही ते त्यांच्या नसांवर ढकललं. याची मला आजही लाज वाटते. महिन्याभराने माझ्या मुलाला शॉवर सोडताना झटका बसला, तेव्हा आमचे डोळे उघडले.

एका वयस्कर वीजतंत्र्याला बोलावलं. त्यांनी होल्डरला दोन तारा जोडलेला साधा शंभरचा बल्ब पिशवीतून काढला. गीझरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला लावला, झगझगीत पेटला. फेज आणि अर्थिंगला लावला, तर आतली तार तांबूससुद्धा झाली नाही. मग ते माळ्यावर चढले आणि सॉकेटची हिरवी तार हाताने चाचपत मागे गेले. भिंतीच्या कोपऱ्यात जीआय पाइपचा वीतभर तुकडा राहिला होता, दोन्हीकडून कापलेला. शेजाऱ्यांची भिंत फुटेल म्हणून प्लंबरने तेवढाच ठेवला असावा. त्या तुकड्याला पितळी क्लिपने हिरवी तार नीट आवळलेली होती. "ताई, तुमचं अर्थिंग इथे संपतं," ते म्हणाले.

त्या काळच्या कितीतरी इमारतींत घरातलं अर्थिंग असंच पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेलं असायचं. पाइप जमिनीत जातो, म्हणून उपकरणातून गळलेला करंटही जमिनीत जाईल, असा हिशेब. तो तेव्हाही योग्य नव्हता, पण पाइप अखंड होता तोवर निभावलं. आज पाइप बदलणारा प्लंबर वायरिंगकडे बघत नाही, कारण ते त्याचं काम नाही. वायरमन येतो तेव्हा पाइप फरशीआड गेलेला असतो. दोघांनीही आपापलं काम चोख केलं आणि दोघांच्या मधल्या जागेत आमचा मुलगा उभा होता. प्रश्न एकट्याच्या घराचाही नाही. सोसायटीने एका उन्हाळ्यात उभी लाइन प्लॅस्टिकची केली, तर तिला बांधलेलं अख्ख्या विंगचं अर्थिंग त्याच दिवशी जातं. आणि गेल्याचं कोणालाच कळत नाही, कारण दिवे, पंखे, फ्रिज सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं.

"आमच्याकडे एमसीबी आहे" असं सांगून लोक निर्धास्त असतात. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. गीझर दोन हजार वॉटचा, म्हणजे साधारण नऊ अँपिअर घेणारा. त्यासाठी सोळा अँपिअरचा एमसीबी असतो. माणसाच्या छातीतून त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी करंट गेला तरी जीव जाऊ शकतो आणि तेवढ्याची एमसीबीला खबरही लागत नाही. त्यासाठी गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी लागतो, घरात 30 मिलिअँपिअरचा. जुन्या घरात तो बसवला की बऱ्याचदा सारखा पडतो. दोन सर्किटांनी एकच न्यूट्रल वापरलेला असतो, कुठेतरी ओल धरलेली असते. हा दोष शोधायला दोन दिवस लागतात, आरसीसीबी काढून टाकायला दहा मिनिटं. आमच्या इमारतीत दोन घरांत तो असाच काढलेला मी स्वतः पाहिला. तिसऱ्या घरात अर्थिंगच्या पिनला न्यूट्रलचाच लूप दिलेला होता. वरचा न्यूट्रल तुटला, तर तिथे गीझरच्या पत्र्यावर पुरते 230 व्होल्ट येतील.

नळकामाची तऱ्हाही हीच. गरम पाण्याला सीपीव्हीसी हवा, पण स्वस्त पडतो म्हणून पांढरा यूपीव्हीसी टाकतात. तो गरम पाण्याने मऊ पडतो आणि सांधा सुटतो तोपर्यंत फरशी बसून वर्ष झालेलं असतं. मग खालच्या घराच्या छताला ओल येते आणि वरचे-खालचे बोलेनासे होतात. ओलीवर रंगाचा हात मारतात, पाइपला कोणी हात लावत नाही. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारलेलंही मी पाहिलं आहे. आत दाब वाढला तर तो बाहेर पडायला तेवढीच वाट असते हो! गॅस गीझरचं तर काय सांगावं. थंडीत खिडकीला पुठ्ठा लावलेल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच, बाहेर मोकळ्या हवेत लावा, हे मी हात जोडून सांगते.

दोष कारागिरांच्या माथी मारायला मी हे लिहीत नाही. आमच्या बाथरूमच्या वेळी फरशीवाला दारात उभा होता आणि "आजच्या आज पाइप संपवा" असं आम्हीच प्लंबरला सांगत होतो. पाइप बंद करून हातपंपाने दाब देऊन एक रात्र तसेच ठेवायचे असतात, हे त्याला ठाऊक होतं. ती रात्र आम्ही त्याला दिली नाही. फरशीचा नमुना निवडायला चार दुकानं फिरलो, तारेच्या बंडलावर मात्र घासाघीस केली. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री व्हायला दोन वर्षं लागतात, नळ कारागीर व्हायला एक. त्या शिक्षणाचे पैसे द्यायची तयारी नसेल, तर हाताशी येईल तो माणूस येणार.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर घरातल्या वायरिंगची दुरुस्ती आणि वाढही परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची आहे. पण नवं मीटर घेताना टेस्ट रिपोर्ट मागितला जातो, त्यानंतर घरात तीन एसी आले तरी कोणी पुन्हा विचारत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं लागतं. त्यात खांब, तुळया, स्लॅब बघतात. त्याच फेरीत परवानाधारक माणसाने प्रत्येक घराचं अर्थिंग आणि तारांचं इन्सुलेशन मोजलं, तर एका घराला फार तर तास-दीड तास लागेल. सहकार खात्याने उपविधींत ही भर घालावी, अशी माझी मागणी आहे.

तोवर सोसायटीला स्वतःहून करता येण्याजोगंही बरंच आहे. फोडाफोडीसाठी सभासद कमिटीची परवानगी मागतोच. त्या अर्जावरच अट घाला: फरशी बसण्याआधी पाइपचा दाब तपासायचा, अर्थिंग तपासायचं आणि उघड्या भिंतीचे फोटो कमिटीकडे द्यायचे. पुढच्या माणसाला भिंत न फोडता कळलं पाहिजे की आत काय आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "इमारत पडणारच आहे, आता कशाला खर्च?" आमच्याकडे पुनर्विकासाची पहिली सभा झाली तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता तो दहावीत आहे. त्या वर्षांत एका सदस्याने गीझर बदलला, दुसऱ्याने एसी घेतला, तिसऱ्याने किचन ओटा नवा केला. खर्च सगळ्यांनीच केला, फक्त भिंतीबाहेर दिसेल तेवढ्यावर.

आम्ही इमारतीच्या मागे अर्थिंगचा नवा खड्डा करून तिथून तांब्याची स्वतंत्र तार वर आणली, गीझर बदलला, आरसीसीबी बसवला. त्याचं टेस्टचं बटण सासूबाई दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः दाबून बघतात. सगळ्याला मिळून जो खर्च आला, त्याहून आमच्या बाथरूमच्या फरश्या महाग होत्या. परवानगीच्या अर्जावर अट घालण्याचा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे, अनुमोदन द्यायला तळमजल्यावरचे काका तयार आहेत. इतर सोसायट्यांनी असा ठराव केला असेल, तर त्याचा मसुदा त्यांनी आपल्या या सदरातून जरूर कळवावा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे