दिवा पोचला, उजेड नाही

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कुणीतरी दोन आकड्यांचा गुणाकार करून दाखवावा, यापेक्षा मोठी नामुष्की ती कोणती? ती माझ्यावर गेल्या डिसेंबरात ओढवली, आणि तीही एका विमानतळाच्या बॅगा तपासायच्या खोलीत. ही नामुष्की तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच!

त्याचं असं झालं. मी मालवणचा. माझा आतेभाऊ आधी तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला न्यायचा, आता अंदमानात स्वराज द्वीपावर (२०१८ पर्यंत याचं नाव हॅवलॉक) हेच काम करतो. त्याचा रात्रीच्या डाइव्हचा दिवा दुरुस्तीसाठी पुण्याला आला होता. सुट्टीत मी त्याच्याकडे जाणारच होतो, तेव्हा दिवा आणि चार नवे सेल घेऊन जायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. "नीट आण रे, बेटार चांगले सेल गावनत नाय," एवढंच दादाने फोनवर सांगितलं.

मी नीटच आणले. दिव्यात दोन सेल होते, ते तसेच ठेवून दिवा दादाच्याच जुन्या वेटसूटमध्ये गुंडाळला. चार सुटे सेल कशात ठेवायचे? समोर कंपास पेटी होती. पत्र्याची. आत कर्कटक आणि स्टीलची पट्टीही होतीच. मोठी बॅग भरली, कुलूप लावलं, झालं.

चेक-इन झाल्यावर पंधरा मिनिटांत माझं नाव पुकारलं गेलं. मला एका खोलीत नेलं. तिथे विमान कंपनीची माझ्याच वयाची एक कर्मचारी उभी होती. "लिथियम बॅटरी आहे ना? किती वॉट-अवर?" मी रुबाबात म्हणालो, "पस्तीसशे एमएएच." ती म्हणाली, "ते नाही, वॉट-अवर." मी सेल फिरवून फिरवून पाहिला. त्यावर छापलं होतं ३.६ व्होल्ट आणि ३५०० एमएएच. वॉट-अवर कुठेच नव्हतं. शेवटी तिनेच मोबाईल काढला, ३.६ गुणिले ३.५ केलं आणि म्हणाली, "१२.६. चालतील. पण या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत घ्या. आणि नीट ठेवा." मी दिव्यातलेही दोन काढले आणि सहाच्या सहा सेल कंपास पेटीत ठेवले. आता यापेक्षा नीट काय असणार?

पुढे सुरक्षा तपासणी. एक्स-रेमधून बॅग बाहेर आली ती थेट जवानाच्या हातात. त्याने पेटी उघडली, सेल पाहिले, कर्कटक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ऐसे नहीं जाएगा." मी म्हणालो, आत्ताच तर तुमच्याच माणसांनी इकडे आणायला सांगितलं! तो शांतपणे म्हणाला, "वो अलग डिपार्टमेंट है." विमान सुटायला चाळीस मिनिटं, परत मागे जायची सोय नाही. इकडे आड तिकडे विहीर! सहाही सेल तिथल्या डब्यात गेले.

बेटावर पोचलो तेव्हा दादाने दिवा हातात घेतला, हलवून पाहिला. रिकामा. सगळा प्रकार ऐकून म्हणाला, "मेल्या, तुका इंजिनियर कोणी केल्यान?" आणि हसला. पण त्या आठवड्यात रात्रीच्या डाइव्हसाठी त्याने दुसऱ्याचा दिवा भाड्याने घेतला आणि ते पैसे त्याच्या कमाईतून गेले. मी देऊ केले, त्याने घेतले नाहीत. हे मला जास्त लागलं.

सुट्टीभर मी सरकारी कारभाराच्या नावाने बोटं मोडत होतो. एक म्हणतो इथे नको, दुसरा म्हणतो तिथे नको. परत आल्यावर मात्र मी नियम शोधून वाचले आणि माझं तोंड बंद झालं. दोघांचंही बरोबर होतं. चूक होती ती माझी कंपास पेटी.

नियम तसा छोटा आहे. सुटे लिथियम-आयन सेल सामानाच्या बॅगेत अजिबात नाहीत, फक्त केबिनमध्ये. प्रत्येक बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर चालते. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी हवी, आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात नाहीच. आणि प्रत्येक सुट्या सेलची टोकं झाकलेली हवीत: चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या डबीत ठेवा, नाहीतर मूळ वेष्टनात ठेवा. म्हणजे ती कर्मचारी नियमाचा पहिला अर्धा भाग राबवत होती आणि तो जवान दुसरा अर्धा. पूर्ण नियम मला कुणीच सांगितला नाही. "टोकं झाका" या दोन शब्दांचं "नीट ठेवा" झालं आणि तिथेच घोटाळा झाला.

आता कारण. मित्रांनो, कारण आपल्या अभ्यासक्रमातलंच आहे! १२.६ वॉट-अवर म्हणजे ४५ हजार ज्यूल. तेवढ्या उष्णतेत साधारण दीडशे मिलिलिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येतं. दीड-दोन कटिंग चहा म्हणा ना! बोटाएवढ्या सेलमधली ही ऊर्जा स्टीलच्या पट्टीमधून वाहायला लागली की सेल आतून तापतो. एका मर्यादेपुढे आतल्या रसायनांची प्रक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी वाढते, आणि शेजारचा सेलही पेट घेतो. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली ही साखळी थांबवत नाही. केबिनमध्ये निदान धूर दिसतो, माणूस धावतो, पाणी ओतून सेल थंड करता येतो. म्हणून सेल वर, माणसांजवळ.

ही पुस्तकी भीती नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं एक मालवाहू बोईंग ७४७ आगीमुळे कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. आग लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा असलेल्या मालात लागली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायलाच बंदी आली.

डायव्हिंगच्या दिव्याचं तर आणखी वेगळं प्रकरण आहे. तो थंड होतो समुद्राच्या पाण्याने. हवेत चालू राहिला तर तापत जातो. आणि मी तो गुंडाळला होता वेटसूटमध्ये, म्हणजे निओप्रीनमध्ये, जे बनवलंच आहे उष्णता अडवायला! बॅगेत बटण दाबलं गेलं असतं तर? म्हणूनच विमान वाहतुकीच्या नियमांत या दिव्यांना वेगळी ओळ आहे: विमान कंपनीची संमती हवी आणि दिव्यापासून बॅटरी, नाहीतर तापणारा भाग, काढून वेगळा केलेला हवा. त्याच ओळीत दुसरं नाव कुणाचं आहे माहीत आहे? आपल्या सोल्डरिंग आयर्नचं!

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठीत आपण सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्हीला 'सुरक्षा' म्हणतो, त्यामुळे दोन वेगळी कामं आपल्याला एकच वाटतात. जवान घातपात शोधत असतो. धातूची नळी, आत सेल, वायर, हे एक्स-रेमध्ये कसं दिसत असेल याची कल्पना करा! विमान कंपनी अपघात टाळत असते. दोघांच्या मधल्या फटीत प्रवासी सापडतो. कुणी म्हणेल, रोज हजारो बॅगा तपासणाऱ्या जवानाने प्रत्येकाला कारणं सांगत बसायचं का? मुळीच नाही. पण फुली मारलेल्या चित्राखाली "सुटे सेल हातातल्या बॅगेत, टोकं झाकून, नाहीतर आग लागू शकते" एवढी एक ओळ मराठीत-हिंदीत लिहायला काय हरकत आहे? कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही, आणि नियम मोडायची खुमखुमीही जाते.

दुसरी बाजू आपली. आपण मोबाईलपासून रोबोटपर्यंत सगळीकडे बॅटऱ्या वापरतो आणि त्यांची ताकद मात्र एमएएचमध्ये सांगून मोकळे होतो. व्होल्ट कुठे गेले? २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टने धरली तर ७४ वॉट-अवर, एवढं तरी तोंडपाठ हवं. आणि विमानतळाला नावं ठेवण्याआधी जरा आपल्या खोल्या बघू. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल ड्रॉवरमध्ये चाव्या आणि चिल्लर यांच्यासोबत लोळतात. चार्जर रात्रभर उशीखाली. वरच्या मजल्यावर कोण झोपलंय याचा विचार नाही. रेक्टर सर ओरडले की आपण त्यांना तो जवान समजतो! प्रत्येक मजल्यावर सुट्या सेलसाठी कप्पे असलेला एक प्लास्टिकचा डबा आणि चार्जिंगला नजरेसमोरची एक जागा, एवढं आपण स्वतःच करू शकतो. त्याला ना ग्रँट लागते, ना कमिटी.

असो. मे महिन्यात माझी आत्या लेकाकडे गेली. तिच्याबरोबर मी पुन्हा चार सेल दिले. प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, टोकांना चिकटपट्टी, आणि सोबत एक चिठ्ठी: "३.६ व्होल्ट × ३.५ अँपिअर-अवर = १२.६ वॉट-अवर". खाली हिंदीत, "गोताखोरी के दिये के सेल". आत्या सातवी शिकलेली, पहिल्यांदाच विमानात बसत होती. रात्री तिचा फोन आला. मी घाबरत विचारलं, सेलचं काय झालं?

"काय होतला? तेनी इचारल्यान, मी चिठ्ठी दाखवलंय. झाला."

त्या रात्री दादाचा दिवा पेटला.