बालीतले लोक ‘चिल’ नाहीत

बालीहून परतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या रीलमध्ये एक वाक्य असतंच : ‘इथले लोक किती चिल आहेत यार!’ पाठीवर सॅक, भाड्याची स्कूटर, चांगूचा किनारा, हातात शहाळं आणि मग हे वाक्य. ऐकायला कौतुक वाटतं. माझ्या मते हे वाक्य खोटं आहे आणि त्याची किंमत बालीचे लोक मोजतात.

खोटं का, ते आधी बघू. बालीतलं बहुतेक प्रत्येक हिंदू कुटुंब एका ‘बांजार’ला बांधलेलं असतं. बांजार म्हणजे वस्तीची पंचायत. तिथला ‘कुलकुल’, म्हणजे पोकळ लाकडाचा टोला, वाजला की हातातलं काम टाकून जमायचं. देवळाची डागडुजी, उत्सवाचा स्वयंपाक, कुणाचे अंत्यविधी, सगळं मिळून करायचं. वारंवार दांडी मारली तर दंड, फारच झालं तर बहिष्कार. बायका रोज नारळाच्या पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं मांडून नैवेद्य ठेवतात. दर २१० दिवसांनी गलुंगान येतो, त्याची तयारी वेगळी. आणि हे सगळं हॉटेलातली शिफ्ट सांभाळून. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला दहा माणसं जमत नाहीत आणि आपण यांना चिल म्हणतो!

फोटोच्या मागे दिसणारी भाताची ती हिरवी पायऱ्यापायऱ्यांची शेतंही आपोआप उगवलेली नाहीत. ‘सुबाक’ नावाच्या पाणीवाटपाच्या व्यवस्थेवर ती उभी आहेत. वरच्या आणि खालच्या शिवारातले शेतकरी देवळात बसून ठरवतात, पाणी कुणाला कधी आणि शेतं पडीक कधी ठेवायची. सगळ्यांची शेतं एकदम रिकामी राहिली की किडीला खायला मिळत नाही. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या नावाखाली सरकारने हे वेळापत्रक मोडून सतत पिकं घ्यायला लावली, तेव्हा कीड माजली. देवळांचं वेळापत्रक हे पक्कं शेतीशास्त्र आहे, हे पुढे स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. २०१२मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारसा म्हटलं.

मग ‘निवांत, हसतमुख बाली’ आली कुठून? २० सप्टेंबर १९०६ रोजी डेन्पासारमध्ये राजा, त्याचं कुटुंब आणि दरबारी पांढरे कपडे घालून डच बंदुकांसमोर चालत गेले आणि मेले. १९०८मध्ये क्लुंगकुंगला तेच घडलं. त्यानंतर वीसेक वर्षांत डच जहाज कंपनी हेच बेट ‘स्वर्ग’ म्हणून पर्यटकांना विकत होती. १९६५-६६च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात एकट्या बालीत सुमारे ८० हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यानंतरही पोस्टरवरचं हसू तसंच राहिलं. सत्ता बदलली, पण शांत, कलाप्रेमी, तक्रार न करणारा बालीचा माणूस प्रत्येक सत्तेच्या सोयीचा होता.

आज तो आपल्या सोयीचा आहे. लोक चिल असले की त्यांना विचारावं लागत नाही. २०२०च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या सुमारे ४३ लाख होती. २०२४मध्ये ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. ऑस्ट्रेलियाखालोखाल सर्वाधिक आपलेच. भातशेतांवर व्हिला उभे राहतायत, दक्षिणेकडच्या विहिरी खारट होतायत. २०२४मध्ये प्रांताचं किमान वेतन महिन्याला सुमारे २८ लाख रुपिया होतं, म्हणजे आपले पंधरा हजारांच्या आसपास. तेवढ्या पगारात काउंटरवरच्या मुलीने हसायचं असतं आणि त्या हसण्यावरून आपण तिचा स्वभाव ठरवतो.

‘पण पर्यटनावरच तर त्यांचं पोट चालतं ना?’ चालतं, म्हणूनच तर तुमच्याशी भांडणं त्यांना परवडत नाही. २०२०मध्ये कोविडने विमानं थांबवली आणि बालीची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून अधिक आकसली. हॉटेलांतली कितीतरी माणसं गावी शेतात परतली, काहींनी पुन्हा समुद्री शेवाळाची शेती धरली. ज्याचं पोट दुसऱ्याच्या सुट्टीवर अवलंबून आहे, त्याला निवांत म्हणणं ही थट्टा आहे.

ही सवय आपण घरूनच नेतो. गोव्याच्या माणसाला ‘सुशेगाद’ म्हणून मोकळे होतो. त्याच गोव्यातला मच्छीमार पहाटे जाळी ओढत असतो तेव्हा आपण झोपलेले असतो.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा. फेब्रुवारी २०२४पासून लागू झालेला दीड लाख रुपियांचा पर्यटक कर (आपले साधारण ८०० रुपये) कुरकुर न करता भरा. मिरवणुकीने रस्ता अडला तर हॉर्न वाजवू नका, तिथे लोक काम करतायत. होमस्टेच्या मालकाला विचारा, पाणी कुठून येतं, शेत कुणाला विकलं.

आणि बेट खरोखर निवांत बघायचं असेल तर न्येपीला जा. त्या दिवशी दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा २४ तास बंद. पर्यटकानेही हॉटेलबाहेर पडायचं नाही. वर्षातला तो एक दिवस बाली कुणाच्याही सेवेत नसते.