परसातली झटक्याची तार

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणात एके सकाळी परसदार उघडलं आणि डोक्याला हातच लावला. रताळ्यांच्या सहापैकी चार वाफ्यांची माती उपसलेली, अळूचे कंद अर्धवट चावून टाकलेले! रात्री रानडुकरं येऊन गेली होती. हरसूलला आमचं घर गावाच्या अगदी कडेला, मागे नागली-वरईची शेतं नि पलीकडे डोंगर. असले पाहुणे आम्हांला चुकत नाहीत.

हे म्हणाले, "थांब, आज रात्री भोवती तार ओढतो आणि मोरीजवळच्या प्लगातून करंट सोडतो. एका रात्रीत अद्दल घडेल."

"अहो, आणि पहाटे मागच्या वाटेनं मोळीवाल्या बाया जातात, त्यांचं काय? शेजारचं पोर चेंडू आणायला आलं तर?"

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे!"

दोन दिवस घरात अबोला होता. पण प्लगाला मी हात लावू दिला नाही. घरातली वीज २३० व्होल्टची आणि अखंड वाहणारी. तार हातात आली की स्नायू आखडतात, मूठ घट्ट मिटते आणि सोडू म्हटलं तरी सुटत नाही. अशा तारांना चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच, कधी कधी तर ती त्याच घरातली असतात. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो. रानडुकराला मारलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची अडचण आहेच. चार वाफे रताळ्यांसाठी एवढं ओढवून घ्यायचं?

शेवटी आणलं ते बॅटरीवरचं झटका यंत्र. त्यात व्होल्ट कितीतरी हजार असतात, ते ऐकून माझे सासरे घाबरलेच! पण हा झटका सेकंदाच्या अगदी बारीकशा भागापुरता असतो, आणि मग साधारण सेकंदभर तार मोकळी. त्या फटीत हात किंवा पाय मागे घेता येतो. जनावर दचकतं, पळतं, जिवाला मुकत नाही. न्यूझीलंडच्या बिल गॅलाघरची गोष्ट सांगतात. १९३० च्या दशकात त्याचा घोडा मोटारीला अंग घासायचा, म्हणून त्यानं मोटारीलाच झटका बसेल अशी युक्ती केली. त्यातून पुढे विजेच्या कुंपणांचा मोठा धंदाच उभा राहिला. यंत्र मात्र भारतीय मानकाचं, पावतीसह घ्या. गावात कुणी घरी बनवून देतो म्हणाला तर नको म्हणा.

तार ओढणं तसं सोपं. डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी दीड फुटावर. शेळ्या येत असतील तर वर तिसरी. खांबाला तार टेकू द्यायची नाही, मध्ये प्लॅस्टिकचे इन्सुलेटर हवेतच. फाटकाखालून तार न्यायची तर घरातल्या वायरिंगची वायर चालत नाही, तिचं आवरण एवढ्या व्होल्टचं नसतं; कुंपणासाठी वेगळी केबल मिळते ती घ्या. आणि बायांनो, काटेरी तारेत झटका मुळीच सोडायचा नाही. पदर अडकला की सुटेपर्यंत झटक्यामागून झटके बसत राहतात. कपडे वाळत घालायलाही ही तार नव्हे, हे कामवालीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

खरी मेख आहे अर्थिंगमध्ये. झटका तारेतून जनावराच्या अंगातून जमिनीत जातो आणि जमिनीतून परत यंत्राकडे येतो. जमिनीनं वाट दिली नाही तर तार नुसती शोभेची! आम्ही चार-पाच फुटी तीन सळ्या, दहा-दहा फूट अंतरानं, मोरीचं पाणी जिरतं तिथे ठोकल्या. घराच्या अर्थिंगपासून त्या निदान तेहेतीस फूट लांब हव्यात. आमच्याकडच्या पावसात जमीन ओली असते तोवर काळजी नाही. वैशाखात मुरूम वाळून खडक झाला की सळ्यांच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतावं लागतं.

पावसाळ्यात दुखणं वेगळं. गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका तिथेच मुरतो. दर आठवड्याला विळा घेऊन तारेखालचं गवत मीच कापते, पण यंत्र बंद करून, बरं का!

धोक्याची पाटी चारही बाजूंना लावली आहे. मोळीवाल्या बायांना पाटी वाचता येईलच असं नाही, म्हणून त्यांना मी स्वतः बोलावून तार दाखवली. शेजारच्या आजोबांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांच्या घरीही सांगून आले. जंगलालगतच्या गावांना वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून या.

रात्रीची जेवणं झाली की यंत्र सुरू करायचं काम ह्यांचं, सकाळी परसदार उघडण्याआधी बंद करायचं माझं. कळ स्वयंपाकघराच्या दाराशी, पोरांचा हात पोचणार नाही इतकी उंच बसवून घेतली आहे. डुकरं एकदा येऊन गेली. तारेबाहेर माती उकरलेली दिसली, आत एक पाऊल नाही. नवरात्रात उपासाला उरलेल्या दोन वाफ्यांतली रताळी निघाली. ह्यांनी दोनदा वाढून घेतली.